खांडीजवळची आवणी

"मुळासकट काढ गो! मोडू नको. मोडलंस तर त्याच्या जागी दोन फुटतील."

सासूचा आवाज पाठीमागून आला आणि माझ्या हातातलं तिवराचं रोप नेमकं मोडलंच. मी पटकन उरलेलं बूड चिखलात पायानं दाबलं आणि पुढच्या रोपाला हात घातला. तिला दिसलं होतंच. तिला सगळं दिसायचं.

आम्ही आमच्याच शेतात चोरी करत होतो. भर सकाळी, गुडघाभर चिखलात, सात-आठ बायका ओणव्या होऊन तिवरं उपटत होतो आणि टोपल्यांत भरत होतो. भरलेली टोपली कुणीतरी बांधापलीकडे नेऊन रिकामी करायची. तिवर म्हणजे खारफुटी, सरकारनं राखलेली; तिला हात लावणं म्हणजे गुन्हा. मग ते खाडीत उगवलेलं असो की तुमच्या स्वतःच्या शेतात. रस्त्यावर नुसती मोटारसायकल वाजली तरी मी टोपली पाठीमागे सारायची.

"आये, फॉरेस्टचा गार्ड आला तर?" मी विचारलं.

"आला तर काय? गवत काढतोय म्हनायचं."

"आणि त्यानं टोपली बघितली तर?"

"मग तू बस टोपलीवर. तेवढी रुंद हायस तू," सासू म्हणाली, आणि बाकीच्या बायका खुदुखुदू हसल्या. मला हसू आलं नाही.

मी मुळातच भित्री. माहेर माझं सुधागडाकडे, डोंगराच्या पोटात. तिथलं पाणी वरून खाली जातं आणि गेलं की गेलं. लग्न होऊन या खारेपाटात आले, तर इथलं पाणी रोज दोनदा परत येतं. पहिल्यांदा बांधावर उभी राहिले तेव्हा भरती होती. एका बाजूला खाडी तुडुंब, आणि दुसऱ्या बाजूला आमची शेतं तिच्यापेक्षा खाली. मधे फक्त हा मातीचा बांध. मी दोन पावलं मागे सरले. आमचे हे म्हणाले, "प्रमिला, आजोबा-पणजोबांपासून उभा आहे हा, तुला बघून पडणार नाही." आणि माझ्या लग्नाला दोन पावसाळे होतात न होतात, तोच तो फुटला.

फुटला तो उगाच नाही. पूर्वी गावात जोळ असायची. म्हणजे घरटी एक माणूस कुदळ घेऊन बांधावर जायचा आणि सगळे मिळून माती चढवायचे. माती कुठली, तर बांधाच्या बाहेरची, खाडीकडची. भरतीबरोबर येते, फुकटची असते. पुढे ती बाहेरची जागा तिवरांसाठी राखीव झाली. तिथं कुदळ मारायची नाही असा हुकूम निघाला. मग माती आणायची कुठून? आपापल्या शेतातली काढून द्या, असं ठरलं. पण जो माती देईल त्याच्या शेतात खड्डा पडणार! प्रत्येक जण म्हणे, शेजाऱ्याची घ्या. शेजारी म्हणे, त्याच्या शेजाऱ्याची घ्या. तेवढ्यात कारखाने आले, पुरुष पाळीवर जायला लागले, आणि बांध बारीक होत गेला. एका उधाणाला त्याला आमच्याच शेतासमोर खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. खारं पाणी आत आलं, भात जळलं, आणि पाण्याबरोबर तिवराचं बी आलं.

भात परवडत नव्हतं हे काही खोटं नाही. आमचे हे उघड म्हणायचे, "आवणीला बायका लावतो, तेवढ्या मजुरीत दुकानातून वर्षाचा तांदूळ येतो." आवणी म्हणजे लावणी, आमच्याकडे तसंच म्हणतात. त्यावर सासू म्हणायची, "आणि जमीन? ती पन दुकानात मिळते काय?"

आणि आता फुटलेल्या बांधांची सरकारी पाहणी येणार होती. पाहणीत शेतात भात दिसलं, तर ती भातशेती. मग सरकारी खर्चानं पक्का बांध मिळणार. तिवरं दिसली, तर ती जागा तिवरांची, कायमची. मग तिथं पेरायचं नाही, बांध घालायचा नाही, आणि ती जमीन कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. आमच्या आणि आमच्या मागच्या सगळ्यांच्या शेतांचा निकाल एका दिवसाच्या बघण्यावर.

तेव्हा सासूनं डोकं चालवलं. गोमीबाई म्हणजे गावात वचक असलेली बाई. तिनं म्हटलं की पुरुषही ऐकायचे. खांडीत मातीची पोती टाकून वरून चिखल लिंपायला तिनं पुरुषांना लावलं. लांबून बांध धड दिसत होता. तिवरं आम्ही उपटली. आणि त्या जागेवर भाताची आवणी करायची होती.

"पण आये, या खाऱ्या चिखलात भात जगेल कसं?" मी विचारलं होतं.

"जगायचं कशाला? पाहनी होईतो हिरवं राहिलं म्हंजे झालं. मंग मरू दे."

रोप कुठून आणलं? घरामागच्या उंच शेतासाठी राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून केलेल्या वाफ्यात, पेरून वाढवलेलं होतं, ते. तेवढंच एक शेत आम्हाला गोडं उरलं होतं, त्यातच घरचं खायचं भात व्हायचं. ते सगळं रोप उपटून मरायला इथं आणलं. त्या जुड्या डोक्यावरून उतरवताना सासऱ्यांचा, हसुरामांचा चेहरा बघवत नव्हता. पण बायकोपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती.

पाहणीवाल्यांना निरोप होता की सकाळी या, म्हणजे ओहोटीला. सकाळ गेली. आम्ही लावलेल्या हिरव्या रांगा बघत बांधाच्या कडेला भाकऱ्या खाल्ल्या. ते आले नाहीत. मी खाडीकडे बघत होते. चिखलाचे पट्टे बारीक व्हायला लागले होते. अमावास्या झालेली, उधाणाचे दिवस.

"आये, पाणी वळलं."

"बघितलंय मी."

"मग आता?"

तेवढ्यात लांब रस्त्यावर जीप दिसली. वाटेत कुठं चिखलात रुतली होती म्हणे. आता, भरतीच्या तोंडावर, ती आली.

सासूनं पदर खोचला. "उठा गो! ज्या जुड्या उरल्यात त्या घ्या आनि आवणीला लागा. पोत्यांच्या समोर ओळ धरा. आडोसा पायजे. काय पन झालं तरी वर यायचं नाय, आनि पानी-पानी करून बोंबलायचं तर नायच नाय. भरतीचं पानी आत येतंय हे त्यांना कळलं, की झालं आपलं वाटोळं."

पाऊस भुरभुरत होता. प्लास्टिकच्या खोळी डोक्यावर घेऊन आम्ही उतरलो. सगळ्यात कडेला, खांडीच्या बाजूला सासू, तिच्या शेजारी मी. मला तिथं उभं राहायचं नव्हतं. पण नको म्हणायला तिची भीती वाटत होती, आणि त्या वेळी मला पाण्यापेक्षा तिचीच भीती जास्त होती.

पाहणीचे साहेब बांधाच्या लांबच्या टोकाला चढले. देशमाने त्यांचं नाव. बरोबर गार्ड होता आणि छत्री धरलेले सासरे होते; आमचे हे तेव्हा कारखान्यात पाळीवर होते. सासऱ्यांचा आवाज वाऱ्यावर येत होता. "आवणी चाललीय साहेब. जरा उशीर झाला औंदा." साहेब काहीतरी विचारत होते, थांबत होते, पुन्हा चालत होते. अहो, लोक बाजारात वांगी घेताना घाई करतात, आणि हा माणूस बांधावर फिरायला आल्यासारखा रमतगमत येत होता.

मी ओणवी होऊन रोप खोचत होते. शेतात पावसाचं पाणी होतंच, घोट्याएवढं. त्यात भरतीचं कधी मिसळलं ते कळलं नाही. कळलं तेव्हा ते पोटरीला लागत होतं. पोत्यांच्या फटींतून बारीक चुळचुळ आवाज येत होता.

"आये, पोती गळतायत."

"गप. खाली बघ."

मी खाली बघितलं. सकाळी लावलेलं भात सुटून वर येत होतं. एक, मग दुसरं, मग ओळच्या ओळ. हिरव्या काड्या मुळं वर करून तरंगायला लागल्या होत्या. साहेबांनी एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

"धर! धर त्यांना!" सासू दातावर दात ठेवून म्हणाली.

आम्ही रोपं पकडायला लागलो. पकडायची, पायाखाली दाबायची. पुन्हा वर आली की कमरेला खोचायची. पलीकडे बारकीबायनं तर चोळीत कोंबली. कुणी वरून बघितलं असतं तर वाटलं असतं, काय झपाझप आवणी करतात या बायका! मी रडत होते आणि रोपं गोळा करत होते. पाणी गुडघ्याच्या वर आलं. बाकीच्या बायका हळूहळू, ओणव्याच, उंच कडेला सरकल्या. आम्ही दोघी पोत्यांपुढे उरलो.

एक जुडी अख्खीच्या अख्खी सुटून खांडीकडे वाहत निघाली. मी तिच्यामागे पाऊल टाकलं आणि पायाखाली जमीनच नव्हती.

फुटलेल्या बांधाचं पाणी जिथं आपटलं होतं, तिथं खड्डा पडला होता. नंतर तो मऊ गाळानं भरला, म्हणून वरून काही दिसत नव्हता. मी त्यात मांड्यांपर्यंत गेले. पाय काढायला जोर केला तर कमरेपर्यंत गेले.

"आये!"

"ओरडू नको!" ती वळली. माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिनं बांधाकडे बघितलं. साहेब आमच्या बाजूला तोंड करून उभे होते. तिनं झटकन माझ्यापुढे येऊन स्वतःची खोळ दोन्ही हातांनी रुंद धरली, जणू पाऊस अडवतेय.

"हलू नको. हलशील तेवढी खाली जाशील."

"मला काढा, आये. पाया पडते."

"काढते. जरा दम धर. ते फिरू दे."

तिनं एका हातानं खोळ धरली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. ओढलं. मी तसूभर हलले नाही. चिखलानं माझे पाय असे धरून ठेवले होते की ते माझे आहेत असं वाटेना. पाणी माझ्या छातीला लागलं. ते गार नव्हतं, कोमट होतं. त्याचीच मला किळस आली आणि जास्त भीती वाटली.

बांधावर साहेब म्हणत होते, "बरं आहे. शेती चालू दिसते." अगदी स्पष्ट ऐकू आलं. सासरे हसले. गार्ड परत फिरला. सासऱ्यांनी छत्री वळवली आणि म्हणाले, "घरी चला साहेब, चहा तयार आहे."

इकडे एक पोतं हललं. मी डोळ्यांनी बघितलं. ते हळूच पुढे झुकलं, आणि त्याच्या जागेवरून पाण्याचा जाड झोत आत पडला. लाट माझ्या तोंडावर आली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. पाणी खांद्यावर आलं, मग गळ्याशी. मी मान वर केली. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ठसका लागला होता म्हणून की तिनं ओरडू नको म्हटलं होतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

सासू बांधाकडे बघत होती. ते तिघं पाठमोरे चालले होते. थोडंसं वळण, आणि मग ते बाभळीआड जाणार होते. ती त्यांच्या पाठी बघत होती, मग माझा गळा, मग पुन्हा पाठी. तिचे ओठ हलत होते. माझं मनगट तिनं इतकं आवळलं होतं की नखं रुतली.

आणि मग तिनं खोळ टाकून दिली.

"अवोऽऽ! धावा रं! पानी आलं! भरती आली! माझी पोरगी बुडाली, धावाऽऽ!"

असली बोंब त्या शिवारात कुणी ऐकली नव्हती. बायका किंचाळत धावल्या. सासरे छत्री फेकून बांधावरून सरळ खाली उडी मारून आले. त्यांच्यामागून गार्ड, आणि त्याच्यामागून बुटांसकट साहेब. सासूनं तोवर मला काखेतून धरून माझं तोंड पाण्यावर ठेवलं होतं. "वर बघ. आभाळाकडं बघ. माझ्याकडं नको," एवढंच ती म्हणत होती. कुणीतरी फळी आणली. गार्डनं पाण्यात बुडी मारून माझ्या पायाभोवतीचा गाळ हातानं उकरला. त्याच गार्डला मी सकाळपासून घाबरत होते. सगळ्यांनी मला आडवी करून फळीवर ओढली. पाय निघाला तेव्हा मोठा आवाज झाला. आपला पाय तुटला असंच मला वाटलं.

बांधावर मला पालथी घालून पाणी काढलं. जरा भान आलं तेव्हा दिसलं, की सगळं गाव गोळा झालंय. शेतात खाडी शिरली होती. भाताच्या काड्या सगळीकडे तरंगत होत्या.

साहेब कमरेपर्यंत भिजलेले. तरुण होता बिचारा. त्यानं एकदा त्या काड्यांकडे बघितलं, एकदा सासूकडे. मग हळू आवाजात विचारलं, "आजी, हे पाणी... पावसाचं आहे ना?"

आता कळतं, की त्यानं तिला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर कदाचित त्यानं तसंच लिहिलं असतं. सासरे पुढे झाले. "व्हय साहेब, पाऊसच लई..."

"थांबा," सासू म्हणाली. "भरतीचं हाय साहेब. रोज येतं. पोती आमी लावली, तिवरं आमी काढली, भात आजच खोवलं. उद्या पुन्यांदा कुनाची सून-लेक हितं उभी राहायला नको. काय लिवायचं ते लिवा."

"गोमे!" सासरे एवढंच बोलले आणि मटकन खाली बसले. गर्दीतून कुणी म्हणालं, "अजून थोडा दम धरला असता तर गेले होते ते. एका पोरीपायी सगळ्यांची जमीन..." सासूनं मान वळवली. बोलणारा मागच्या मागे गर्दीत शिरला.

लिहायचं ते लिहिलं गेलं. साहेबांनी तिवर काढल्याचा गुन्हा मात्र कुणावर घातला नाही, एवढी त्यांची माणुसकी. आज तिथं डोक्याच्या वर तिवरं गेलीत. थंडीत पक्षी येतात, त्यांना बघायला शहरातले लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि किती छान जागा आहे म्हणतात. असेलही. पक्षी मलाही आवडतात, पण मी त्या बांधावर जात नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सासूनं मला न्हाणीत बसवलं आणि स्वतः पाणी तापवलं. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. केसांतून चिखल निघता निघेना. मी भिंतीला टेकून थरथरत होते. जरा वेळानं लक्षात आलं, की थरथर माझी एकटीची नाही. माझ्या डोक्यावरचे हातही थरथरत होते.

"आये, थंडी वाजते का तुम्हाला?"

ती केस चोळत राहिली. मग एकदम म्हणाली, "मी लई भ्याले गो पोरी."

"मीपण भ्याले, आये."

"तशी नाय." तिचा हात थांबला. "मी वाट बघितली. पानी तुज्या गळ्याला आलं तरी मी वाट बघत होते. आता वळतील, आता वळतील, आनि शेत ऱ्हाईल. तेवढ्यात तू गेली असतीस तर? मी काय बाई हाय गो? मना माझीच भीती वाटते."

ती रडत होती. गोमीबाई रडताना मी त्या आधी बघितली नव्हती, नंतरही नाही. मी तिचा हात धरला. त्याच्या नखांत अजून चिखल होता.

"आये, मीपण त्यांच्याच पाठी बघत होते," मी म्हटलं. "मलापण वाटत होतं, तेवढे ते बाभळीआड जाऊ देत."

तिनं पदरानं नाक पुसलं, तांब्या भरला आणि म्हणाली, "डोळं मीट. साबन जाईल."